तीन विशेषणे

वर्तमानपत्रांतील निधनवार्तांच्या सदरात तीन विशेषणे बहुधा एकत्रच आढळतात: कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि समाजप्रिय. आमचे थोरले चुलते वारले तेव्हा त्यांच्याही वाट्यास हीच आली. ती खोटी होती असे नव्हे. परंतु ही तिन्ही एकाच माणसाच्या ठायी खरी ठरावयाची तर त्यास काय मोल पडते, आणि ते कोण भरते, हा विचार तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

काका रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खेड्यातून मुंबईस गेले ते गिरणीत काम मिळवावयास. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोकणाने आणि घाटाने त्या गिरण्यांस माणसे पुरविली. काका आरंभी बदली कामगार होते. भोंग्यापूर्वी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे; कोणी कायमचा कामगार गैरहजर असला तर दिवस भरावयाचा, नसला तर रिकाम्या हाताने परतावयाचे. अशी काही वर्षे काढल्यावर ते साचेखात्यात कायम झाले. तेथे शेकडो साचे एकाच वेळी खडखडत असत. त्या गजरात शब्द ऐकू येत नाही. ओठांची हालचाल आणि हातवारे यांवरून माणसे बोलणे ओळखतात. काका गावी आले की साधे पाणी मागत तेही ओरडून, आणि आम्ही मुले दचकत असू. ते रागावलेले नसत. त्यांच्या कानांनी गिरणीत आपले आयुष्य आधीच वेचले होते.

कुटुंबवत्सल हा शब्द अशा माणसास लावताना क्षणभर थांबावे लागते. काका राहत लालबागेतील एका चाळीत, गावकऱ्यांच्या खोलीत. एकेका खोलीत वीस-वीस माणसे. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा पथारी पसरी. जेवण खाणावळीत. काकी, मुले आणि भातशेती गावी. गणपती आणि शिमगा यांच्या सुट्या मोजल्या तर वर्षातून पुरता महिनाभरही काका घरी नसत. महिन्याच्या महिन्यास येई ती मनिऑर्डर. तिच्या कुपनावरील दोन ओळींत त्यांचा सारा संसार मावे: बियाणे वेळेवर घ्यावे, थोरल्याची फी भरावी, म्हातारीस औषध आणावे. मुलांस बापाच्या चेहऱ्याहून त्याचे अक्षर अधिक परिचित होते. तरीही हे कुपन कधी चुकले नाही, आणि वात्सल्य म्हणजे काय हे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही त्या कुपनाकडेच बोट दाखवू.

गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १८९० साली. काकांचा रविवार मात्र विश्रांतीचा नसे. ते गावकरी मंडळाचे खजिनदार होते. खोल्या-खोल्यांतून वर्गणी गोळा करावयाची, आजाऱ्यास इस्पितळात पोचवावयाचे, मयताच्या घरच्यांस मदत पाठवावयाची, गावच्या शाळेच्या कौलांसाठी रक्कम बाजूस ठेवावयाची. या साऱ्याची नोंद एका लाल बासनातील वहीत असे. गिरणीतून थकून आलेला तो माणूस रात्री दिव्याखाली आण्या-पैशांचा, पुढे नव्या पैशांचा मेळ घालीत बसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. पुष्कळांच्या हातून गिरणीच कायमची सुटली. वर्गण्या थांबल्या आणि उचलीसाठी मात्र रांग लागली. वहीत त्या महिन्यांची पाने भरगच्च आहेत. कोणास घरभाड्यापुरते, कोणास गावी जाण्याच्या भाड्यापुरते, कोणास बायकोच्या बाळंतपणासाठी. त्या यादीत काकांचे नाव नाही. खजिनदारानेच उचल केली तर वहीवर विश्वास कोण ठेवील, असे ते म्हणत. पावसाच्या तोंडावर ते गावी आले. त्या वर्षीचे बियाणे आणि मुलांच्या फिया निघाल्या त्या काकींच्या सोन्याच्या पाटल्या मोडून. काकींनी त्या आपण होऊन काढून दिल्या असे घरात सांगतात. त्यांस दुसरा मार्ग कोणता होता हे कोणी सांगत नाही.

काकांनी अनुचित केले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या वहीवर इतक्या घरांचा भरवसा होता ती निष्कलंक राखणे हे मोठेच काम होते, आणि अशा माणसांवाचून त्या चाळींतील समाज चार दिवसही टिकला नसता. परंतु सचोटीचा जो मान त्यांस मिळाला त्याचा खर्च दोघांनी सोसला होता. दिवसकार्यास जमलेली मंडळी काकांचे गुण गात असता काकी एवढेच म्हणाल्या, "माणूस चांगला होता. माझ्या वाट्याला तो म्हातारपणीच आला."

ती वही आता आमच्याकडे आहे. अखेरच्या पानावर शिल्लक रक्कम गावच्या शाळेस दिल्याची नोंद असून खाली चार गावकऱ्यांच्या सह्या आहेत. हिशेब पैपर्यंत जुळतो. पाटल्यांचा उल्लेख तीत कोठेच नाही.