वाटेच्या मापाचें वाहन

प्रवासवर्णनांत डोंगर, नद्या, देवळें आणि माणसें यांना भरपूर जागा मिळते. ज्यानें प्रवाशाला तेथवर नेलें त्या वाहनाची मात्र एखाद्या ओळींत बोळवण होते. वास्तविक खडतर वाटेची पहिली ओळख वाहन तयार करतांनाच होते. वाट कोठें खडकाळ आहे, पाणी कोठें आडवें येतें, हवा कोठें विरळ होते, हें जाणल्यावांचून एक बोल्टहि कोठें बसवावा तें ठरवितां येत नाहीं. पुण्यांतील आमच्या वाड्याच्या अंगणांत एका साध्या मोटारसायकलीस मीं मनाली ते लेह या वाटेसाठीं सज्ज केलें, त्याची हकीकत वाचकांनीं याच दृष्टीनें वाचावी, अशी विनंति आहे.

हा उद्योग नवा नाहीं. १९३२ सालीं रॉबर्ट फुल्टन नांवाचा एक अमेरिकन तरुण लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला आणि तुर्कस्तान, इराक, हिंदुस्थान, चीन असें फिरत जपानला पोंचला. त्याच्या गाडीला मोटारीचे टायर बसविलेले होते, आणि इंजिनाखालीं एक संरक्षक पत्रा होता. त्या पत्र्याच्या आड त्यानें आपलें पिस्तुल लपविलें होतें. त्याचें ‘वन मॅन कॅरव्हान’ हें पुस्तक १९३७ सालीं निघालें. पुढें १९८० सालीं बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें रस्ता आणि रान या दोहोंसाठीं मुद्दाम बनविलेली गाडी बाजारांत आणली. आपल्याकडे रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं आली. मग तयार गाडी विकत मिळत असतां घरीं हा खटाटोप कशाला, असा प्रश्न माझे थोरले चुलते तात्या यांनीं पहिल्याच दिवशीं केला. पैसा हें एक उत्तर होतेंच. पण खरें उत्तर असें कीं, जी गाडी वाटेंत आपल्यालाच दुरुस्त करावी लागणार, ती आपल्या हातांच्या ओळखीची असावी.

तात्या जन्मभर वकिली केलेले. त्यांनीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम काढून माझ्यापुढें ठेविलें. नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ रचनेशीं विसंगत होतील असा बदल मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं तोच अर्थ उचलून धरला आहे. तेव्हां चौकट, इंजिन, धुराची नळी, दिवे व चाकांचें माप यांना हात लावावयाचा नाहीं, असा आमच्यांत तह ठरला. आईची हरकत मात्र कायद्याची नव्हती. बायकामुलांच्या माणसानें एकट्यानें त्या रानांत जावें कशाला, एवढेंच तिचें म्हणणें. आणि त्याला उत्तर देणें कायद्याहून अवघड होतें. अखेर वहिनींनीं तोड काढली. त्या म्हणाल्या, “भावोजी, त्या वाटेवर चाक फुटलें तर तुम्हांला एकट्याला काढतां येईल का? इथें अंगणांत, कोणाचा हात न लावतां, काढून आणि बसवून दाखवा. मग सासूबाईंची समजूत मी घालतें.”

गाडी दीडशे सी.सी.ची, कचेरीस जाण्यायेण्याची, तारांच्या १८ इंची चाकांची. तारांचें चाक ही अशा वाटेवर देणगीच समजावी. दगडावर आपटलें तर तें थोडें वांकतें, पण ओतीव चाकाप्रमाणें तडकण्याची भीति कमी. आणि तारा आवळून तें पुष्कळसें सरळ करतां येतें. चाकें तींच ठेवून त्याच मापाचे, पण खोल खांचांचे टायर घातले. बाजारांत त्यांना बटण टायर म्हणतात. डांबरी रस्त्यावर ते थोडे घुमतात, पण चिखलांत व वाळूंत त्यांची पकड चांगली.

नंतर इंजिनाचें तळ. शहरी गाडीचें पोट जमिनीपासून फारसें उंच नसतें, आणि दगडाचा एक घाव तेलाचें भांडें फोडावयास पुरतो. चार मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा शेगड्यांत धरून वांकविला आणि चौकटीच्याच बोल्टांना रबराच्या चकत्या घालून टांगला. पत्रा व इंजिन यांमध्यें बोटभर पोकळी ठेविली. कारण पत्रा इंजिनास टेंकला तर दगडाचा धक्का तो जसाच्या तसा आंत पोंचवितो. चिखल गळून जावा म्हणून त्याला भोकें पाडलीं, आणि तेल काढण्याच्या बोल्टापुरती एक खिडकीहि ठेविली.

खराब वाटेवर बसून नव्हे, उभें राहून गाडी हांकावी लागते. म्हणजे धक्के पाठीच्या कण्याऐवजीं गुडघे सोसतात. त्यासाठीं हँडल दोन इंच उंच व थोडें रुंद घेतलें. येथें एक दक्षता अवश्य घ्यावी. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून पाहावें. वळवितांना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर केबल आखूड पडते असें समजावें. अशी गाडी वळणावर जिवावर बेतते. पुढचें दांत्यांचें चक्र, ज्याला मेकॅनिक स्प्रॉकेट म्हणतात, तें १५ ऐवजीं १४ दांत्यांचें बसविलें. यानें वेग थोडा उतरतो, पण चढावरील ओढ सुमारें सात टक्क्यांनीं वाढते.

सामानासाठीं पत्र्याच्या पेट्या करण्याचा विचार वहिनींनींच मोडून काढला. जुन्या ताडपत्रीच्या दोन जोड पिशव्या त्यांनीं घरच्या शिवणयंत्रावर दुहेरी टांका घालून शिवल्या. कापडी पिशवी हलकी. गाडी आडवी झाली तर पाय तिच्याखालीं सांपडून मोडण्याची भीति कमी. आणि फाटली तर सुईदोऱ्यानें सांधतां येते. जड हत्यारें तळाशीं व पुढें, हलके कपडे वर व मागें, असें सामान लाविलें. सगळें चढवून गाडी किराणा गुदामाच्या कांट्यावर नेली आणि अठरा किलोंपेक्षां अधिक ओझें ठेवावयाचें नाहीं असें ठरविलें. अशा कामांत गाडीवर काय चढवावें यापेक्षां काय उतरवावें याचाच विचार अधिक करावा लागतो.

इकडे दर रविवारीं चाकाची परीक्षा चालू होती. मागचें चाक काढावयाचें, लिव्हर घालून टायर उघडावयाचा, ट्यूब काढून ठिगळ लावावयाचें, साबणाच्या पाण्यानें कड बसवावयाची, आणि सायकलच्या हातपंपानें हवा भरावयाची. पहिल्या रविवारीं सव्वा तास लागला. सहाव्या रविवारीं तीस मिनिटें. त्या दिवशीं आई तुळशीजवळ उभी राहून शेवटपर्यंत पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं मात्र माझ्या पिशवींत मेतकूट आणि सुंठीची पुडी तिनें स्वतः ठेविली. मग वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या घाटवाटेवर गाडी दोनदां फिरवून आणली, सैल झालेला प्रत्येक बोल्ट पुन्हां आवळला, आणि टांकी रिकामी करून गाडी रेल्वेच्या पार्सलनें चंदीगडला पाठविली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत मी मनाली सोडली. मनालीस देवदारांवर पाऊस झिमझिमत होता. २०२० सालीं खुला झालेला अटल बोगदा नऊ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांबीचा. त्यांतून पलीकडे निघालों तों आभाळ निरभ्र आणि डोंगर उघडेबोडके. महाबळेश्वरीं पाऊस कोसळत असतां माणदेश कोरडा राहतो, तोच न्याय येथें दहापट मोठ्या मापानें लागू आहे. पुढें तांदी येथें चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो, आणि संगमापुढील प्रवाहास चंद्रभागा म्हणतात. हीच पुढें चिनाब होते. पंढरीच्या वारीवर वाढलेल्या माणसास हें नांव त्या परक्या खोऱ्यांत ऐकून काय वाटलें असेल, तें सांगावयास नको.

तांदीचा पेट्रोलपंप ‘पुढील पंप ३६५ किलोमीटर’ या पाटीमुळें प्रवाशांत प्रसिद्ध झाला. माझ्या टांकींत १२ लिटर मावत, आणि चढावर लिटरला ४० किलोमीटर धरले तरी तें पुरतें; तथापि वारा आणि पहिला गियर यांचा भरंवसा नसल्यामुळें पांच लिटरचा डबा बरोबर घेतला. त्या रात्रीं जिस्पा येथें कार्बुरेटरमधील पितळी जेट काढून एक माप लहान जेट बसविलें. उंचीवर हवा विरळ होते, पण या गाडीचें पेट्रोल त्या मानानें आपोआप कमी होत नाहीं. इंजिन गुदमरतें आणि काळा धूर सोडूं लागतें. नव्या इंजेक्शनच्या गाड्या ही तडजोड स्वतःच करतात.

दारच्याच्या पुढें बर्फाचें पाणी नाल्यांच्या रूपानें रस्त्यावरून वाहतें. ऊन जसजसें चढतें तसतसें बर्फ वितळून पाणी वाढतें. म्हणून नाले सकाळींच ओलांडावे. मीं पहांटे निघून ते गुडघ्याखालच्या पाण्यांत पार केले. गोटे खालून पत्र्यावर आदळत, आणि प्रत्येक आवाजाबरोबर अंगणांतल्या घणाची आठवण होई. बारालाचा खिंडीजवळ सूरज-ताल हा निळा तलाव आहे. भागा तेथून निघते. सरचू, गाटा येथील २१ वळणें, नकी-ला आणि लाचुंग-ला या खिंडी, असें करीत दुसऱ्या दिवशीं पांगच्या वरील मोरे मैदानांत पोंचलों. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून उंच, आणि चाळीसेक किलोमीटर पसरलेलें हें मैदान म्हणजे जणूं डोंगरांनीं हातांत धरलेलें ताट. झाड नाहीं, घर नाहीं. दूरवर मेंढ्यांचा एखादा ठिपका, आणि वारा.

त्याच मैदानांत मागचें चाक बसलें. मी गाडी स्टँडवर चढविली आणि कामास लागलों. हात सवयीनें चालत होते, पण दर चार हालचालींनंतर श्वासासाठीं थांबावें लागे. अंगणांतलें अर्ध्या तासाचें काम तेथें दीड तास चाललें. हवा भरण्याचें तर संपेना. इतक्यांत रस्त्यावर काम करणारे दोघे मजूर आले. झारखंडांतील दुमक्याकडचे, दर वर्षीं उन्हाळ्यांत सीमा सडक संघटनेच्या कामावर येतात. कांहीं न विचारतां त्यांतल्या एकानें माझ्या हातून पंप घेतला, आणि दुसऱ्यानें थर्मासमधला चहा पुढें केला. मीं सुंठीची पुडी त्यांना दिली. त्यांची बायकामुलेंहि दूर गांवीं वाट पाहत होतीं. परंतु त्यांच्या प्रवासाचें वर्णन कोणी लिहीत नाहीं. ज्या रस्त्यासाठीं मी गाडीवर तीन महिने खपलों, तो रस्ता ते हातानें दर वर्षीं नव्यानें घडवितात.

दुपारीं ५,३२८ मीटर उंचीच्या तंगलंग-ला खिंडीवर पोंचलों. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. गाडी दुसऱ्या गियरांत, कुरकुरत, पण न थांबतां चढली. पलीकडे उपशी येथें सिंधु नदी भेटली, आणि संध्याकाळीं लेहच्या एका दुकानांतून घरीं फोन करून मीं वहिनींना एवढेंच सांगितलें कीं, चाक फुटलें आणि निघालें.

आतां ती गाडी पुन्हां कचेरीस जाते. मोठें जेट परत बसविलें, पत्रा कोठीच्या खोलींत खुंटीला आहे, आणि ताडपत्रीच्या पिशव्यांतून मंडईची भाजी येते. पण घरांतील दोघां मुलांना त्या गाडीचा लळा लागला आहे, आणि आपणहि लेहला जाणार असें तीं आतांपासून म्हणतात. त्यांना अडविण्याचें कारण मला दिसत नाहीं. मात्र वय झाल्यावर त्यांनीं आधीं वाटेची चौकशी करावी, मग तिच्या मापाचें वाहन घडवावें, आणि घरच्या माणसांच्या भीतीला शब्दांनीं नव्हे, हातांनीं उत्तर द्यावें. असें करून जो निघतो, त्याचें घर त्याला अडवीत नाहीं. उलट पुष्कळसें त्याच्याबरोबरच जातें.