उंचीचे पूर्ण नाव

पाटोद्याजवळ बालाघाट डोंगरांच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा आहेत. उत्तरेकडचे पाणी बिंदुसरा-सिंदफणेला जाते, दक्षिणेकडचे मांजरेला. पाणलोटाचे नकाशे करताना ही जलविभाजक रेषा मला अंकांतून काढावी लागते. म्हणून अंक वाचण्याआधी मी त्यांचे पूर्ण नाव विचारतो.

फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानातल्या रडारने अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. पाटोदा-आष्टीचा भाग त्यातल्या 'एन18ई075' या फाइलमध्ये येतो. हे नाव चौकोनाचा नैर्ऋत्य कोपरा सांगते, आतले अंक कसे वाचायचे ते नाही. फाइलच्या आतही काही सूचना नाही. पहिल्या बाइटपासून नुसत्या उंच्या. त्या अंकांचे खरे नाव असे: चिन्हासह पूर्णांक, 16 बिट, बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी. प्रकार, आकार आणि क्रम.

आपले नेहमीचे संगणक धाकटा बाइट आधी धरतात. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. तसाच हा फरक. 514 मीटरचे बाइट 2 आणि 2 (2 × 256 + 2), उलटे वाचले तरी 514च. 515चे 2 आणि 3; उलटे वाचले की 770. 516चे थेट 1026. मीटरभराच्या उतारावर 256 मीटरचा कडा उभा राहतो! 1026 लगेच नजरेत भरते, पण 770 बालाघाटात सहज खपून जाते.

रडारला न दिसलेल्या जागी -32768 लिहिलेले असते. ते उलटे वाचले की 128 होते, आणि डोंगरात नसलेला खड्डा तयार होऊन आसपासचे ओहोळ त्यात उतरतात. चिन्ह सोडून वाचले तर तिथेच एव्हरेस्टच्या तिपटीहून उंच सुळका.

म्हणून सी भाषेतली 'शॉर्ट', 'लाँग' अशी मोघम नावे मला पुरत नाहीत. 'लाँग' विंडोजवर 32 बिटांचा, 64 बिटांच्या लिनक्सवर 64 बिटांचा. सी भाषेच्या 1999च्या प्रमाणकातल्या 'इंट16_टी'ने आकार पक्का केला, पण क्रम त्यातही नाही. पायथनच्या 'नमपाय' संचातले '>आय2' मला आवडते: तीन खुणांत क्रम, प्रकार आणि बाइट.

नालाबांधाची जागा याच उंच्यांवरून सुचवली जाते. फाइल पुढे देताना तिन्ही गोष्टी नावातच लिहाव्यात, म्हणजे तालुक्याच्या संगणकावर बसलेल्या नव्या मुलालाही अंदाज बांधावा लागत नाही.