तो मासा तापीचा राहिलाच नव्हता

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी रोहूच्या आतड्यातले जिवाणू तपासले आणि लिहून दिलं, की पांझरेच्या माशांपेक्षा तापीच्या माशांत जिवाणूंचे प्रकार फार कमी आहेत. ते चुकीचं होतं, आणि चूक सगळी माझीच होती.

पांझरेचे मासे अक्कलपाड्याच्या खालच्या अंगाला भोयांच्या जाळ्यातून घेतले, बर्फात ठेवले आणि त्याच दिवशी फाडले. तापीचे घेतले चांगदेवला, पूर्णेच्या संगमावर, जिथे हतनूर धरणाचा फुगवटा पसरतो. ते मात्र जिवंत जळगावला आणले, कारण प्रयोगशाळेत माझी पाळी यायची होती. एप्रिलचं ऊन, सिमेंटचा हौद, नळाचं पाणी, खायला पेंडीच्या गोळ्या. जाळ्याने खवले निघालेल्या जागा लाल झाल्या तेव्हा पाण्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन टाकलं. बाराव्या दिवशी मासे फाडले. वहीत लिहिलं, ‘नमुना : तापी नदी’. हौदाची किंवा औषधाची कुठेच नोंद नाही.

खूण तर डोळ्यांसमोर होती. पांझरेच्या रोहूचं आतडं शेवाळ आणि गाळाने काळपट हिरवं, गच्च भरलेलं. कात्री लावली की चिखलाचा वास यायचा. हौदातल्याचं चपटं, आरपार दिसेल असं. पित्ताशय मात्र गर्द हिरवं, टम्म फुगलेलं. मासा खातो तेव्हा पित्त आतड्यात उतरतं, उपाशी राहिला की साठत जातं. प्रयोगशाळेतले मामा साक्रीकडचे. ट्रेमध्ये डोकावून म्हणाले, "भाऊ, हाऊ मासा तं उपाशी शे." मी ऐकलं आणि पेट्री डिशमधल्या वसाहती मोजत राहिलो.

नदीतल्या रोहूच्या पोटात घासाघासाला नवे जिवाणू जातात. हौदात ती आवक थांबते, खाणं बदलतं, पकडल्याचा ताण असतोच. त्यावर मी प्रतिजैविक ओतलं होतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी समुद्रातले कॉड मासे पकडून ठेवले, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य घटलेलं दिसलं. तो अभ्यास 2011 सालचा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात भारतात निसर्गातून पकडलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढलेल्या झेब्राफिशच्या आतड्यात बरेचसे जिवाणू सारखेच निघाले. म्हणजे काही टिकतात, काही जातात. माझ्या रोहूचं काय गेलं हे मला कधीच कळणार नाही, कारण पकडल्या दिवशीचा एकही नमुना मी ठेवला नाही.

आणखी एक चूक नंतर लक्षात आली. गोड्या पाण्यातल्या अनेक माशांच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम असतो, तो जीवनसत्त्व बी-12 तयार करतो. त्याला प्राणवायू चालत नाही. माझ्या उघड्या डिशमध्ये तो उगवणारच नव्हता. त्यामुळे पांझरेचा आकडाही अपुराच.

आता मासा काठावरच उघडतो. आधी पित्ताशय बघतो, मग वहीत लिहितो, जाळ्यातून काढून किती मिनिटं झाली.