बारा-तेराच्या शेजारी

आमच्या जवळा बाजारात हत्यारं खऱ्या अर्थाने दिसतात ती खंडेनवमीला. एरवी ती सुताराच्या गोणपाटात, मेकॅनिकच्या ऑइलच्या कापलेल्या डब्यात, नाही तर आढ्याला खोचलेली असतात. आश्विन शुद्ध नवमीला मात्र धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून ती पाटावर येतात. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. रंधा, पटाशा, वाकस, गिरमिट, करवत, गुण्या, प्रत्येकाला ऐसपैस जागा. दसरा सरला की पुन्हा सगळी एकमेकांच्या अंगावर.

हत्यारांच्या मापाने ट्रे बेतण्याचा नाद मला त्या पाटावरूनच लागला. दुकानात कप्प्यांचे प्लास्टिकचे डबे मिळतात, पण त्यात आपली पटाशी एक तर तिरकी बसते, नाही तर बसतच नाही. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर हत्यारं मांडावीत, पेन्सिलीने कड काढावी आणि तो पुठ्ठा चार दिवस तसाच टेबलावर राहू द्यावा. मांडणी त्या दिवसांत आपोआप बदलते. मग सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचा तळ, वर खाचा कोरलेली फळी, कडेला सागाच्या पट्ट्या. खाच हत्याराच्या निम्म्या जाडीइतकीच खोल हवी आणि मध्ये बोट जाईल एवढा अर्धगोल हवाच. नाही तर हत्यार बसतं झकास, निघत नाही. पटाशीची धार आपल्यापासून लांब. खाचेच्या तळाला एक भोक, म्हणजे भुसा आणि किस खाली गळतो. पुष्कळ जण आत मखमल चिकटवतात. दिसते छान, पण पावसाळ्यात ती ओल धरते आणि लोखंडाला गंज चढतो. नुसतं तेल पाजलेलं लाकूड बरं.

कोरणं सोपं. कोणाशेजारी कोण, हा खरा घोळ. गॅरेजवाल्या मित्रासाठी ट्रे करायला घेतला तेव्हा मी पाने शहाण्यासारखे मापाने लावले होते: सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, असे वीस-बावीसपर्यंत. तो म्हणाला, “सर, हे शाळेच्या रांगेवानी नका लावू. दहा-अकरा अन् बारा-तेरा माझ्या उजव्या हाताला पाहिजेत, त्यांच्या बाजूला डिसमिस अन् प्लगपाना. वीस-बावीस कुठंबी टाका, ट्रॅक्टर आल्यावर बघू.” त्याची नजर गाडीच्या पोटात असते, हात एकटाच मागे येतो आणि पाना घेऊन जातो. मांडणी त्या हाताला विचारून करायची.

न्हाव्याची धोकटी बघा. वस्तरा, नराणी, कात्री, चिमटा, आरसा. कातड्याच्या एका पिशवीत सगळा संसार, आणि झाडाखाली बसून न बघता हवं तेच हातात. सेना महाराजांनी ही धोकटी अभंगात नेली. आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे म्हणून ओळखले जाणारे नामदेव शिंपी. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदात गज, कात्री, सुई आणि दोराही आहे. ही सामग्री ते ठेवत कशात, एवढं मात्र त्यांनी सांगितलेलं नाही!

दुसरं टोक अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधला पियानो-कारागीर हेन्री स्टडली (१८३८–१९२५) याने भिंतीवर टांगायची एक पेटी केली. महोगनी, आबनूस, शिंपल्याचं जडावकाम, आणि आत सुमारे तीनशे हत्यारं, प्रत्येकाला बेतून दिलेली जागा. काही फळ्या बिजागरीवर फिरतात आणि मागून आणखी हत्यारं निघतात. फोटो बघताना डोळे दिपतात. तरी एका हत्यारासाठी दुसऱ्याला उठवायचं, हे मला काही पटत नाही. तिथे कारागिरी जिंकली आणि हात थोडा थांबला. त्यापेक्षा विमानाच्या देखभालीतले ट्रे मला जवळचे वाटतात. दोन रंगांचा फोम, वरचा कापला की खालचा भडक रंग दिसतो. एखादी खाच रिकामी राहिली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, कारण अपघाताला इंजिनात राहिलेला एक पाना पुरे होतो.

मित्राच्या ट्रेचा डावा कोपरा मी कोरलेला नाही. विजेच्या स्कूटर आता त्याच्याकडेही यायला लागल्यात आणि मल्टिमीटर केवढा घ्यायचा, हे त्याचं अजून ठरायचं आहे.