मोऱ्याचा गाळ

उरणच्या मोरा बंदरात त्याला न ओळखणारा माणूस नाही, आणि त्याच्याबद्दल बरं बोलणारा सहसा सापडत नाही. रंग काळपट राखी, अंग मऊ, वास उग्र. भरतीला तो पाण्याखाली गपगार असतो. सुकती लागली की जेटीच्या तोंडाशी त्याची पाठ उघडी पडते. तिच्यावर निवट्या टणाटण उड्या मारतात, बगळे टपून बसतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात घर गाठू म्हणून निघालेली माणसं मात्र खोळंबतात. ‘पाणी नाय दादा, भरती लागू दे,’ एवढं म्हणून खलाशी मोकळा होतो. कुणी वाद घालत नाही. वाद घालायचा कुणाशी?

तो मूळचा इथला नाही. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, धरमतरची खाडी अशा साऱ्या माहेरांहून पावसाळ्यात वाहत येतो. जिथे पाणी मंदावतं तिथे मुक्काम टाकतो. माणसाने जेटी बांधली, भराव घातला की पाण्याची धाव अडते आणि त्याला आयता आडोसा मिळतो. आपल्यासाठी जे बांधकाम असतं, ते त्याच्यासाठी आमंत्रण.

वेळेचा तो पक्का. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, तीही भांगाची, बेताची. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या आसपास, म्हणून सुकती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. त्यातून उधाणाचे दिवस. पाणी चार-साडेचार मीटर खाली उतरतं. थोडक्यात, चाकरमान्यांची जायची-यायची वेळ आणि त्याची उघडं पडायची वेळ महिन्यातून दोनदा एक होते. हे दर पंधरवड्याला होणार हे कुठल्याही पंचांगावरून सांगता येतं, तरी दर पंधरवड्याला लोकांना नव्यानं संताप येतो.

त्याला हुसकायचे प्रयत्न होतात. बार्जवर पोकलेन येतो, गाळ उपसला जातो, काही महिने लाँच बिनबोभाट लागते. मग पाऊस पडतो, खाड्या फुगतात, आणि स्वारी परत आपल्या जागेवर. निविदा, मंजुरी, कार्यादेश यांतलं काही त्याला लागत नाही. मोऱ्याहून मुंबईला गाड्या नेणारी रो-रो सुरू होणार म्हणून जेटीचं काम निघालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो सुरू झाली. पण तिथेही बोटीची वाट उपसून मोकळी ठेवण्याचं काम काही संपलं नाही. जेटीचं काँक्रीट एकदा ओतलं की झालं. समोरचं पाणी दरवर्षी नव्यानं कमवावं लागतं.

त्याच्याशी नीट वागलेली माणसंही याच परिसरात आहेत. शिवडीहून उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू घ्या. खाडीवर पूल हवा, हे १९६३ साली विल्बर स्मिथ कंपनीच्या अहवालात मांडलं गेलं. पुढे निविदा निघाल्या, बारगळल्या. शेवटी एमएमआरडीएने जपानच्या जायकाचं कर्ज घेतलं, २०१८ मध्ये काम लागलं आणि १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा पूल खुला झाला. त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. शिवडीच्या बाजूला ओहोटीत नुसता चिखल उरतो, तिथे बार्ज चालत नाही. म्हणून आधी तात्पुरता पूल घातला आणि त्यावरून यंत्रं नेली. खांब गाळाच्या अंगातून पार खाली, खडकात रोवले. शिवाय या चिखलावर चरायला येणारे रोहित बिथरू नयेत म्हणून आवाज कमी ठेवायची बंधनंही पाळली. ज्यांना तो निव्वळ घाण वाटतो त्यांनी हिवाळ्यात शिवडीला जाऊन यावं. त्याच्याच पोटावर ते गुलाबी थवे जगतात, आणि कोळणींच्या टोपलीतल्या चिंबोऱ्याही.

पण पुलाचं आणि त्याचं भांडण एका फटक्यात मिटण्यासारखं होतं. खडक लागला, विषय संपला. बंदराला ती सोय नाही. बंदराला त्याच्याबरोबर नांदावं लागतं. शेजारच्या न्हावा शेवा बंदराने हे पहिल्यापासून ओळखलं. मोठ्या जहाजांसाठी वाट दोन टप्प्यांत खोल केली खरी, पण खोल केलेली वाट पावसाळ्यानंतर पुन्हा उपसावी लागणार, हा खर्च तिथे कायमचा मांडलेला असतो. त्याच खाडीतलं तेच पाणी, तोच गाळ. न्हावा शेव्याला तो खर्चाचं एक कलम आहे, मोऱ्याला तो संकट आहे. फरक त्याच्या स्वभावात नाही.

पूल उघडला त्याच दिवशी खारकोपरहून उरणपर्यंत रेल्वेही आली. तेव्हा आता लाँच कोणाला हवी, असं कुणी म्हणेल. पण सेतूवर मोटारसायकल आणि रिक्षाला मज्जाव आहे, मोटारीला टोल आहे. रेल्वे नेरूळ-बेलापूरचा वळसा घालते. मोऱ्याला भाऊच्या धक्क्याशी सरळ जोडणारी वाट अजून पाण्याचीच आहे, आणि म्हणून गाळाची सत्ताही आहे.

प्रकल्पाच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते. असती तर तो लांबी-रुंदीबद्दल, उद्घाटनाच्या तारखेबद्दल काही बोलला नसता. सादरीकरण संपेपर्यंत खाली बसून राहिला असता आणि मग एवढंच विचारलं असतं : फीत कापल्यानंतरच्या दहाव्या पावसाळ्याचे पैसे कोणत्या पानावर आहेत? बहुतेक आराखड्यांत ते पान नसतं. तो ते दरवर्षी स्वतः लिहितो.