वहीतली बाकी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एखादं दुकान बंद पडायच्या बेतात असलं की ती बातमी आधी तालमीच्या कट्ट्यावर येते. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानाचंही तसंच झालं. आजोबांनी गूळ-शेंगदाण्यावर सुरू केलेलं आणि मुलानं वाढवलेलं हे दुकान आता नातवाच्या हातात आहे. "दिवाळीपर्यंत बघतो, न्हाईतर जागा भाड्यानं देतो," असं तो कुणापाशी तरी बोलला आणि दिवेलागणीपर्यंत ते पेठभर झालं. रात्री कट्ट्यावर बैठक बसली. गल्लीतल्या प्रत्येक घरानं महिन्याचा बाजार इथूनच भरायचा, तसा ठरावच करून टाकू, असं एका वडीलधाऱ्यांनी मांडलं. मागून एक तरुण पोरगा म्हणाला, "काका, धंदा त्यांचा, नफा त्यांचा. मग तोटा तेवढा आपला कसा? आपण काय ठेका घेतलाय व्हय?"

मी आणि शेजारच्या दोघी-तिघी दारातून ऐकत होतो. किराण्याची यादी ज्या करतात त्यांना त्या बैठकीत कुणीच काही विचारलं नाही, हे मला खटकलं. म्हणून नंतर मी घरोघरी जाऊन बायकांशी बोलले, दुकानात जाऊन नातवापाशीही बसले. पोराचा प्रश्न रास्त होता आणि गल्लीनं त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

कापड दुकानात कामाला जाणाऱ्या एका बाईंचं बोलणं माझ्या मनात पक्कं बसलं आहे. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. पगार झाला की रविवारी त्या मार्टमध्ये जातात आणि तेल, साबण, कपड्यांची पावडर, चहापूड एकदम घेऊन येतात. "वैनी, म्हैन्याला तीनशे-साडेतीनशे वाचत्यात. तेवढ्यात लेकीचा केएमटी बसचा पास निघतोय. त्यांचं दुकान चालावं असं मला पण वाटतंय. पर ते माझ्या लेकीच्या पासातनं चालवू का?"

यावर मला बोलायला काही उरलं नाही. गल्लीचा ठराव झाला असता तर तो सगळ्यात जड या बाईंना गेला असता. ज्या घरात एकेक रुपया मोजून खर्च होतो, त्या घरावर दुसऱ्याचं दुकान जगवण्याचं बंधन टाकणं अन्यायाचं आहे. त्या बाईंनी आणखी काही सांगितलं नसतं तरी माझं हे मत बदललं नसतं. पण उठता उठता त्यांनीच 2019 च्या महापुराचा विषय काढला.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फुटांची. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरला येणारा माल थांबला. पंपांवरचं पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं, दूध आणि भाजी दिसेनाशी झाली. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यानं शहराचे नळ बंद पडले; नदी शहरात शिरलेली आणि घागरी मात्र कोरड्या. आमची गल्ली उंचावर असल्यानं आमच्या घरात पाणी आलं नाही, पण सखल भागातले पाहुणे घरोघरी येऊन राहिले. चौघांच्या स्वयंपाकात दहा-दहा माणसं जेवू लागली. त्या दिवसांत या दुकानात मेणबत्ती, काडेपेटी, तांदूळ, डाळ नेहमीच्याच भावानं मिळत होती. ज्यांच्या हातात रोकड नव्हती त्यांचं वहीत लिहिलं जात होतं. साठा उतरायला लागला तेव्हा नातवाच्या वडिलांनी माणशी तांदूळ ठरवून दिला. मोठ्या घरांनी कुरकुर केली, पण शेवटच्या घरापर्यंत तांदूळ पोचला. कापड दुकानातल्या बाईंचं घर त्याच शेवटच्या घरांपैकी एक होतं.

जुलै 2021 मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला, तेव्हाही तेच. त्याआधी नोव्हेंबर 2016 मध्ये 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या, मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. दर वेळी गल्लीनं याच दारातून घेतलं, आणि बहुतेकांनी पैसे मागाहून दिले.

तेव्हा 'तोटा आपला कसा' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. गणपतीची, शिवजयंतीची, फुटबॉल संघाच्या जर्सीची पावती घेऊन पोरं पहिल्यांदा कुठं जातात? टोलविरोधी आंदोलनात शहर बंदची हाक आली तेव्हा पहिली फळी कुणी ओढली? पेठेतल्या दुकानाचा नफा संपूर्ण त्याच्या घरात कधीच गेला नाही, त्यातला काही भाग गल्लीत परत येत राहिला. पोराच्या संघाची जर्सीही त्यातूनच आली आहे.

उरलेलं उत्तर शोधताना मला भाऊसिंगजी रस्त्यावरच्या एका जुन्या हॉटेलाची गोष्ट फार उपयोगी पडली. कोल्हापुरात ती बहुतेकांना माहीत आहे, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं ती क्वचितच सांगितली जाते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कुणी येईना. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलापुढं थांबवायला सुरुवात केली. चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचा, असा त्यांचा परिपाठ झाला.

महाराजांना आणखी पैसे देणं अवघड नव्हतं. पण हॉटेलाला कमी होतं ते गिऱ्हाईक, आणि ते कमी असण्यात गंगारामांचा दोष नव्हता. दोष गिऱ्हाइकांचा होता. म्हणून महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. महाराज 1922 मध्ये गेले. त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं राहिलं ते याच गंगाराम कांबळ्यांच्या पुढाकारानं.

एखादं दुकान अडचणीत आलं की मला आता आधी हाच प्रश्न विचारावासा वाटतो: दोष कुणाचा? आमच्याच भागात मागे एक दुकान बंद झालं. तिथं मुदत संपलेली बिस्किटं पुढं सरकवली जायची, वजनाबद्दल विचारलं की आवाज चढायचा, लहान पोरांना सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या मिळायच्या. ते दुकान बुडालं तेव्हा कुणी बैठक बोलावली नाही आणि बोलवायची गरजही नव्हती. शेजारी आहे म्हणून वाईट माल गोड मानून घ्यायचा, असं कर्तव्य जगात कुठंच नाही.

गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचं तसं नाही. नातवानं मला साबणाच्या एका खोक्याचा हिशोब दाखवला. वितरकाकडून त्याला वडी ज्या भावानं पडते, जवळजवळ त्याच भावानं ती मार्टमध्ये थेट गिऱ्हाइकाला मिळते. तो दिवसभर उभा राहिला, वीज जाळली, जागा राखली, तरी त्या वडीवर त्याला काही उरतच नाही. ही तक्रार त्याची एकट्याची नाही. 2021 च्या अखेरीस ऑनलाइन घाऊक कंपन्यांना वेगळा भाव मिळतो म्हणून देशभरातल्या वितरकांनी आवाज उठवला, आणि 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात एका मोठ्या कंपनीच्या टूथपेस्टची विक्री रोखून धरण्यापर्यंत गोष्ट गेली. याच वितरकांच्या अखिल भारतीय महासंघानं 2024 मध्ये अंदाज मांडला की वर्षभरात देशातली सुमारे 2 लाख किराणा दुकानं बंद पडली. आकडा संघटनेचा आहे, तो तसाच वाचावा. पण साबणाच्या वडीचा हिशोब मी स्वतः पाहिला आहे, आणि तिथं हा पोरगा कमी पडलेला नाही.

मग अशा ठिकाणी शेजाऱ्यांचा चांगुलपणा किती पुरणार? मला वाटतं, थोडाच. फ्रान्सनं 1981 मध्ये पुस्तकांसाठी कायदा केला. किंमत प्रकाशक ठरवणार आणि विकणारा लहान असो की मोठा, त्यावर 5 टक्क्यांपेक्षा जास्त सूट कुणीच द्यायची नाही. तिथल्या वाचकाला कोपऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुकानात गेल्याचा भुर्दंड पडत नाही, कारण भाव सगळीकडे जवळपास एकच. साबण-तेलाला असा कायदा आपल्याकडे व्हावा की नाही यावर वाद होऊ शकतो. पण मालाचा भाव लहान दुकानदाराला वेगळा आणि मोठ्याला वेगळा, हा प्रश्न गल्लीतल्या बायकांच्या पर्समधून सुटणार नाही. तो व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनीच हाती घ्यायला हवा.

गल्लीच्या हातात जे आहे ते मात्र कमी नाही. उन्हाळ्यात चटणी करायची म्हणजे ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची निवडून घ्यायची, धणे-खोबरं-तीळ पारखायचं, मग सगळं डंकावर कुटून आणायचं. हा माल पिशवीबंद घेण्यात अर्थ नाही. तो हातात घेऊन, वास घेऊन, 'यंदाची मिरची कशी आहे रे' असं विचारून घ्यायचा असतो, आणि तो या दुकानात उत्तम मिळतो. डाळी, गूळ, पोहे, शेंगदाणे, बेसन यांच्या भावातही मार्टशी फारसा फरक नाही. मी यादी घेऊन दोन्हीकडे ताडून पाहिलं. फरक आहे तो कंपनीच्या छापील मालात. मी हे घरोघरी सांगितलं तेव्हा बायकांनी ठराव वगैरे न करता याद्या दोन ठिकाणी वाटायला सुरुवात केली. कापड दुकानातल्या बाईही मिरची आणि डाळी इथून नेतात. पासाच्या पैशांना त्यानं धक्का लागत नाही.

नातवाला मी विचारलं, गल्लीकडून तुला काय हवं? तो म्हणाला, "काकू, दया म्हणून काही नको. माल चांगला वाटला तर न्या. खराब निघाला तर माघारी आणून तोंडावर सांगा. न सांगता यायचं बंद केलं की आमचं काय चुकलं ते कळतच न्हाई." मग थोडं थांबून त्यानं उधारीची वही काढली. नावांवर हात ठेवून त्यानं मला नुसत्या रकमा दाखवल्या. काही बाक्या टाळेबंदीपासूनच्या आहेत. त्यातली कितीतरी माणसं मार्टच्या भरलेल्या पिशव्या गाडीला अडकवून याच दुकानावरून घरी जातात. तो हाक मारत नाही. त्यांना चारचौघांत ओशाळं वाटेल, म्हणून.

ज्यांना परवडतं आणि ज्यांनी अडल्या वेळी या दुकानातून घेतलं आहे, त्यांच्यावर दुकानाचं देणं आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर नाही. आणि देणं आहे म्हणजे आधी काय करायचं तेही सांगते. बाजार कुठून भरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तुमच्या पेठेतल्या दुकानाच्या वहीत तुमच्या नावावर जुनी बाकी असेल, तर ती या महिन्यात जाऊन चुकती करा.