जुळलेला कोड

पुणे

चि. सायलीस,


तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. दिओरचं ‘सोवाज’, १०० मिलिलिटरची बाटली, दुकानातल्या भावापेक्षा बरीच स्वस्त. खोक्याच्या आणि बाटलीच्या तळाचा बॅच कोड एकच आहे, झाकण चुंबकाने टक्‌कन बसतं, वरचं सेलोफेन घट्ट होतं, कोड तपासणाऱ्या साइटने उत्पादनाची तारीखसुद्धा दाखवली. मग आता अस्सलच ना, असं तू विचारतेस. या चारही गोष्टींवरून मला एवढंच म्हणता येईल, की माल बनावट असला तरी तो आळशी माणसाने केलेला नाही. बाटली हातात घेऊन एखादं परफ्यूम बनावट असल्याचं ठामपणे सांगता येतं. ते अस्सल असल्याचं त्याच बाटलीवरून सांगता येत नाही. खुणा एकाच बाजूने बोलतात. आपण त्या दोन्ही बाजूंनी वाचतो, आणि नकली माल विकणाऱ्याचा धंदा बराचसा त्यावरच चालतो.

बॅच कोडचंच घे. दिओरच्या कोडमध्ये पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, आणि पुढचं अक्षर महिना दाखवतं. ही रचना जगजाहीर आहे आणि साइट तेवढीच वाचते. कंपनीने कोणती बाटली कुठे पाठवली याची नोंद साइटकडे नसते. साच्यात बसणारा कोणताही कोड दिला की तारीख समोर येते. शिवाय एका बॅचमध्ये हजारो बाटल्या निघतात आणि सगळ्यांवर कोड एकच असतो. म्हणजे नकली माल काढणाऱ्याने दुकानातून एक खरी बाटली विकत आणली, तिचा कोड हवा तितक्या खोक्यांवर नि बाटल्यांवर उठवला, की काम झालं. तो कोड जुळणारच, आणि साइटवर तारीखही दाखवणारच. कोड चुकला तर मात्र तो खूप काही सांगतो. खोक्यावर एक आणि बाटलीवर दुसरा असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही. ‘सोवाज एलिक्सिर’ २०२१ साली बाजारात आलं. त्याच्या तळाशी ९ ने सुरू होणारा कोड दिसला तर तो २०१९ चा झाला, कारण २०२९ अजून यायचं आहे. अशी एक विसंगती दहा जुळलेल्या खुणांवर मात करते.

तू म्हणशील, एक खूण फसवी असेल, दहा खुणा एकदम कशा फसव्या असतील? हा युक्तिवाद त्या दहा खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच चालतो. इथे त्या सगळ्या एकाच नमुन्यावरून उतरवलेल्या असतात. छपाई, सेलोफेन, खोक्यातला पुठ्ठा ही स्वस्त कामं. जाड समतोल काच, बारीक फवारा सोडणारा पंप, जडसर झाकण ही महाग. म्हणून काच आणि पंप यांना मी छपाईपेक्षा जास्त वजन देतो, हे खरं. पण तेही शंका थोडी कमी करण्यापुरतंच. टेस्टरच्या साध्या पांढऱ्या खोक्यात आणि बिनझाकणाच्या बाटलीत तर या खुणांपैकी बऱ्याचशा गळूनच जातात, त्यामुळे ‘ओरिजिनल टेस्टर’ म्हणून येणारा माल मला सगळ्यात संशयास्पद वाटतो. आणि कधी कधी नक्कल करायचीसुद्धा गरज नसते. नामांकित परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्या खोक्यासकट ऑनलाइन विकायला असतात. देवगड छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरतात, तसं हे. पेटी खरी, छाप खरा, आत काय ते वेगळं. पंप मानेवर दाबून बसवलेला असेल तर तो काढताना ओरखडे राहू शकतात. दिसले तर निकाल लागला, न दिसले तर आपण पुन्हा होतो तिथेच.

मग नाक काय कामाचं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. नाकाची साक्ष मी सगळ्यात शेवटी ठेवतो. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातून कुठल्याही परफ्यूमचे बरेचसे घटक आणि त्यांचं प्रमाण काढता येतं. ‘सोवाज’च्या वासाचा मोठा भाग अँब्रोक्सन या रेणूवर उभा आहे, आणि तो रेणू कारखान्यात बनतो, कोणालाही विकत मिळतो. वासाची नक्कल हा तर एक उघड आणि बऱ्याच अंशी कायदेशीर धंदा आहे: दुबईचं आर्माफ क्रीडच्या ‘अव्हेंटस’च्या जवळ जाणारं परफ्यूम स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बाटलीत विकतं. वासावर मालकी सांगता येते का याबद्दल न्यायालयांचंही एकमत नव्हतं. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाकारला, आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लाँकोमच्या ‘त्रेझोर’ला तो दिला! सांगायचं ते हे, की पहिल्या फवाऱ्याला वास हुबेहूब असणं ही काही विशेष गोष्ट नाही.

गंमत म्हणजे इथे एकच बाजू असल्याचा माझा नियमही लंगडा पडतो, कारण नाक दोषीसुद्धा नीट ठरवू शकत नाही. ‘दोन तासांत उडालं, म्हणजे डुप्लिकेट’ हे वाक्य तू शंभर अभिप्रायांत वाचलं असशील. पण सतत येणाऱ्या वासाला नाक सरावतं आणि तो आपल्यापुरता नाहीसा होतो. शेजारच्याला तो येत असतो. काही कस्तुरीसदृश रेणू तर कित्येकांना मुळातच जाणवत नाहीत. कंपन्या स्वतःच पाककृती बदलतात, कधी ॲलर्जीच्या नियमांमुळे, कधी खर्चामुळे, आणि त्याची दवंडी पिटत नाहीत. व्हॅनिलिन असलेलं परफ्यूम कालांतराने तपकिरी होतं, त्यामुळे रंगावरूनही भांडता येत नाही. दुकानातल्या टेस्टरशी कागदी पट्टीवर तुलना कर, पण सहा-सात तासांनी उरणाऱ्या वासाची कर. पहिल्या दहा मिनिटांची नको.

तुझ्या फोटोंत एक बाजू नाहीच: घटकांची यादी. ती मला खोक्याच्या पुढच्या भागापेक्षा बोलकी वाटते, कारण नक्कल करणारा ती बहुधा न वाचताच उतरवतो. युरोपीय संघाने लिलियल हा सुगंधी घटक १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. यादीत त्याचं नाव ‘ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ असं असतं. फ्रान्समध्ये बनल्याचं सांगणाऱ्या खोक्यावर २०२३ चा कोड आणि यादीत हे नाव, अशी जोडी दिसली तर जुन्या खोक्यावर नवा कोड चढवला आहे असं समज. नाव नसलं तर? तर काहीच सिद्ध होत नाही.

अस्सलपणाचा पुरावा मग असतो कुठे? बाटलीच्या बाहेर, ती ज्या हातांतून आली त्या साखळीत. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायला हवा, असं २०११ चे वैधमापन नियम सांगतात. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार आयातीचा नोंदणी क्रमांकही हवा. हे स्टिकर छापणं सगळ्यात सोपं, असा आक्षेप तू घेशील, आणि तो बरोबर आहे. पण स्टिकरची किंमत त्याच्या कागदात नाही. त्यावर एका जबाबदार माणसाचं नाव असतं, आणि त्याला फोन करून ‘हा माल तुम्ही या विक्रेत्याला दिलात का’ असं विचारता येतं. तसंच बिलाचं. ऑनलाइन बाजारपेठेने विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायला हवा, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे; बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पानावरचे हजारो तारे मात्र बाजूला ठेव. ते बहुधा त्या वस्तूच्या पानाला मिळालेले असतात, आणि तुला माल पाठवणारा विक्रेता कदाचित कालच त्या पानावर आलेला असतो.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. परदेशातून अधिकृत वितरकाला वळसा घालून आलेला अस्सल मालही बाजारात असतो, आणि २०१२ मध्ये सॅमसंगच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशी समांतर आयात ट्रेडमार्कचा भंग ठरत नाही असं म्हटलं आहे. माल कुठून फुटला हे कळू नये म्हणून काही वेळा अशा बाटल्यांचा बॅच कोडही खरवडलेला असतो. म्हणजे अधिकृत विक्रेता नाही, म्हणून माल नकली, असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. मला हा आक्षेप मान्य आहे. पण अशा मालाच्या बाबतीत खरेदीदाराकडे विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काही उरत नाही, आणि तो शब्द कसा तोलायचा याला भाव थोडी मदत करतो. फार कमी भाव संशय वाढवतो. जास्त भाव तो कमी करत नाही, कारण हुशार नकलाकार भाव थोडासाच उतरवतो.

आणि वासात फरक कळतच नसेल, तर बिघडलं काय? उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ शिक्क्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो, कारण घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक होतं. फर्स्ट कॉपी म्हणून घेतलेलं परफ्यूम हा घेणाऱ्याचा प्रश्न. पण नकली खोक्यावरची घटकांची यादी आतल्या द्रवाची नसतेच. एखाद्या घटकाची ॲलर्जी असलेला माणूस ती वाचून निर्धास्त होतो आणि मानेला फवारतो. तिथे फरक कळतो.

तेव्हा आणखी फवारू नकोस. घटकांच्या यादीचा आणि बिलाचा फोटो पाठव, आयातदाराचं स्टिकर असेल तर त्याचाही. परताव्याची मुदत संपण्याआधी हे झालं पाहिजे. ती सहसा फार थोड्या दिवसांची असते. स्टिकर नसेल आणि विक्रेता माल कुठून आणला ते सांगायला तयार नसेल, तर खोटेपणा सिद्ध व्हायची वाट न पाहता परत कर. परताव्याचं कारण निवडताना ‘आवडलं नाही’ लिहू नकोस. वैधमापनाची माहिती खोक्यावर नाही, एवढं लिहिलंस तरी ती तक्रार ठरते, आणि त्यासाठी बाटली नकली असल्याचं तुला दाखवावं लागत नाही. टाळाटाळ झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तुझा,
मामा